टोकापर्यंत पोचता येत नसेल, तर करवत वर नेऊ नकोस

वाचकाचं पत्र (थोडं संपादित करून):

काका, मी मूळचा कुडाळकडचा. आमच्या घरात माड चढणं पिढीजात. मीही शाळेत असल्यापासून चढतो. गेल्या वर्षी पुण्यात येऊन झाडं छाटणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागलो. दोर, हार्नेस, गाठी इथे शिकलो. आजवर वाळक्या फांद्या काढल्या, एक-दोन गुलमोहर हलके केले. आता एका सोसायटीतल्या जुन्या रेन ट्रीचा घेर कमी करायचं काम आलंय, येत्या शुक्रवारी. वरचं सगळं काम मी एकट्याने करायचं असं मालक म्हणतात. सोसायटीवाल्यांना निम्मं झाड उतरवून हवंय, म्हणजे पाच वर्षं बघायला नको. एक मोठी फांदी पार्किंगवर आलीय, दुसरी रस्त्यावरच्या विजेच्या तारांकडे गेलीय. उंचीची भीती मला कधीच नव्हती. पण हे झाड बघून आलो तेव्हापासून झोप नाही. मी घाबरट झालोय का? आणि नाही म्हटलं तर काम जाईल का?
– माडावरचा, मुक्काम पुणे

प्रिय मित्रा,

तू घाबरट झालेला नाहीस. माडावर तू कायम खोडाला धरून असतोस. पाय खोडावर, छाती खोडाजवळ आणि जे तोडायचं ते हाताच्या अंतरावर. तोडलेली झावळ सरळ खाली जाते. रेन ट्रीवर यातलं काहीच लागू होत नाही. तिथलं काम बुंध्यापासून आठ-दहा मीटर लांब, फांदीच्या टोकाला असतं आणि तिथे हाताला धड मनगटाएवढं लाकूडही लागत नाही. झाड बघितल्याबरोबर तुझ्या पायांना हे कळलं असणार. उंचीची सवय असलेल्या माणसाला एखाद्या झाडाची धास्ती वाटते, तेव्हा ती धास्ती काहीतरी खरं सांगत असते. ती दाबू नकोस. नक्की कशाची धास्ती वाटते ते शोधून काढ, कारण शुक्रवारचं सगळं काम त्यावरच ठरणार आहे.

मे महिन्यात छाटलेली रस्त्याकडेची झाडं जरा थांबून बघ. घेर कमी करायला सांगितलेला असतो, आणि प्रत्यक्षात बुंध्यापासून दीड-दोन मीटरवर मांडीएवढ्या फांद्यांचे थोटके उभे असतात. लोक म्हणतात, छाटणाऱ्यांना अक्कल नाही. मला हे पटत नाही. कुठे कापायला हवं ते त्यातल्या पुष्कळांना ठाऊक असतं. पण वर गेल्यावर माणूस जिथे नीट उभा राहू शकतो, तिथेच कापतो. टोकाकडे जायला दोर पुरत नाही, पाय थरथरतात, खालून मुकादम घाई करतो, आणि मग फांदी जाड असते तिथेच करवत लागते. म्हणजे कापायची जागा झाडाने ठरवली नाही, विचार करून माणसानेही ठरवली नाही. ती दोराच्या लांबीने ठरवली. तुझ्या पत्राला माझं मुख्य उत्तर हेच आहे. शुक्रवारी तू झाडाचं भलं करशील की वाटोळं, हे करवत सुरू होण्याच्या आधी, दोर कुठे टाकलास तिथेच ठरेल.

आता हे झाड रेन ट्री आहे, म्हणून थोडं त्याच्याविषयी. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झाड आपल्याकडे वर्षावृक्ष, विलायती शिरीष अशा नावांनी ओळखतात. ते छत्रीसारखं पसरतं. फांद्या आडव्या लांबवर जातात, आतून जवळजवळ उघड्या असतात आणि पाल्याचा सगळा भार टोकांवर. पावसाळ्यात ओला पाला आणि वारा एकत्र आले की याच लांब फांद्या मोडतात. म्हणून आतल्या बारीक डहाळ्या साफ करून "हलकं केलं" म्हणणं हा या झाडावरचा सर्वात वाईट उपचार आहे. आतला पाला गेला की भार आणखी टोकाकडे सरकतो, फांदी जास्त हेलकावते. शिवाय पुढच्या वेळी फांदी आखूड करायची म्हटलं तर मागे सरकायला आतली डहाळीच उरलेली नसते. टोकावरचा भार बुंध्यापासून सर्वात लांब असतो, म्हणून फांदीच्या मुळावरचा ताणही तोच सर्वात जास्त वाढवतो. टोकाचे दीड-दोन मीटर नीट काढले तर फांदी सुटकेचा श्वास टाकते. म्हणजे कात्री चालवायची ती टोकाशीच.

इथे या झाडाची खरी अडचण येते. उंच, निमुळत्या झाडावर शेंड्याजवळ दोर लावला की खालच्या सगळ्या फांद्यांच्या टोकांपर्यंत तो चांगल्या कोनात पोचतो. रेन ट्रीचा माथा सपाट. मधलं सर्वात उंच बेचकंही टोकांपेक्षा फार वर नसतं. तू टोकाकडे जाऊ लागलास की दोर आडवा होत जातो, तुझं वजन पेलेनासा होतो, आणि पाय सुटला तर तू लंबकासारखा झोका घेत थेट बुंध्यावर किंवा मधल्या फांदीवर आदळतोस. दोर आणि उभी रेषा यांच्यातला कोन ४५ अंशांच्या पुढे जायला लागला की थांबायचं. वाटेत दुसऱ्या भक्कम बेचक्यातून दोर वळवून घ्यायचा, नाहीतर दुसरा दोर दुसऱ्या ठिकाणी लावायचा. दोर ज्या बेचक्यात टाकशील ते जिवंत लाकूड हवं, मांडीएवढं जाड हवं, त्याच्या खाली ढोली किंवा बुरशीचे फडे नकोत. चढायच्या आधी दोघांनी जमिनीवरून त्या दोराला एकदम लटकून, हिसके देऊन बघायचं. पुण्यात तुला हे शिकवलं असेलच, पण घाईच्या दिवशी हीच पायरी गाळली जाते.

म्हणून माझं पहिलं सांगणं: शुक्रवारच्या आधी, बुधवारी नाहीतर गुरुवारी सकाळी, त्या झाडावर करवत न घेता चढ. हार्नेस, दोर, कमरेचा आखूड दोर आणि रंगीत कापडाच्या पट्ट्या एवढंच बरोबर ने. तारांकडची फांदी सोडून, ज्या ज्या फांदीचं टोक आखूड करायचंय तिथपर्यंत जाऊन ये. दोरावर मागे झुकून, पाय आडवे टाकत, वजन पायांवर कमी आणि दोरावर जास्त ठेवून. जायला सोपं वाटतं, परत येताना कस लागतो; परतीचा आधार कुठे मिळतो ते तेव्हाच हेरून ठेव. टोकाशी पोचलास की आखूड दोर फांदीभोवती घे, दोन्ही हात सोड आणि मिनिटभर तसाच राहा. हात सोडून स्थिर उभं राहता आलं तर तिथे करवत चालवता येईल, आणि कापायची जागा दिसते तिथे पट्टी बांधून ये. हात सोडवत नसतील, तर ती फांदी तुझी नाही. तिला शिडीची गाडी लागेल किंवा तुझ्याहून जास्त अनुभवाचा माणूस. ती फांदी सोडताना वाईट वाटून घेऊ नकोस. करवत न घेता जिथे पोचता येत नाही, तिथे ती घेऊन तर नाहीच पोचता येणार.

पट्टी कुठे बांधायची, तेही सांगतो. टोकाकडून मागे येत राहा आणि अशी डहाळी शोध जी पुढे त्या फांदीचं टोक म्हणून जगू शकेल. तिची जाडी, जी फांदी काढायचीय तिच्या निदान एक तृतीयांश हवी. त्याहून बारीक डहाळीवर काम सोपवलं तर ती फांदीला पोसू शकत नाही. मागचं लाकूड वाळतं नाहीतर फुटव्यांचा झुपका येतो. रेन ट्रीवर अशी जाड डहाळी कधीकधी पार मागे, फांदीच्या अर्ध्यावर सापडते. तिथे कापायचा मोह होईल. आवर तो. त्यापेक्षा टोकाशीच थोडं कमी काढ आणि उरलेलं दोन वर्षांनी कर. एका हंगामात झाडाचा पाव भागापेक्षा जास्त पाला काढू नये, हा बाहेरच्या देशांतल्या झाडांच्या जाणकारांचा नियम आहे. जुन्या झाडाच्या बाबतीत त्याहूनही कमी. आपलं ऊन बघता मी आणखी हात आखडता घेईन. मे महिन्यात एकदम उघड्या पडलेल्या फांदीची साल उन्हाने भाजते, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच कूज शिरते.

कापताना फांदीच्या मुळाशी डोळे नेऊन बघ. जिथे डहाळी मोठ्या फांदीला मिळते तिथे वरच्या बाजूला सालीची सुरकुतलेली, उंचवट्यासारखी रेघ दिसेल, आणि खालच्या बाजूला थोडा फुगीर कंगोरा. तो कंगोरा मोठ्या फांदीचा आहे, काढायच्या डहाळीचा नव्हे. त्याला धक्का न लावता त्याच्या लगत बाहेरून शेवटचा काप घ्यायचा. कंगोरा कापला तर झाडाच्या हातातलं हत्यारच काढून घेतल्यासारखं होतं, कारण झाड जखम भरून काढत नाही, ती आत कोंडून तिच्याभोवती भिंत बांधतं. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं. वरून रंग किंवा डांबर फासल्याने ती भिंत लवकर उभी राहत नाही. कोकणात कलमांना छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतात ते तू बघितलं असशील. तिथे बुरशीचा आणि भिरुडाचा, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीचा, प्रश्न वेगळा. इथे सोसायटीने तैलरंगाचा डबा पुढे केला तर नम्रपणे नको म्हण.

जाड फांदी एका कापात कधीच काढू नकोस. आधी खालून पाव-एक तृतीयांश खोल काप, मग थोडं पुढे सरकून वरून. फांदी सुटली की उरलेला थोटका कंगोऱ्याशी कापायचा. खालचा काप राहिला तर वजनाने फांदी फाटते आणि साल हातभर लांब सोलत जाते, कधी तू उभा आहेस त्या फांदीपर्यंत. करवत सुरू असताना दोन आधार हवेतच: मुख्य दोर आणि आखूड दोर, आणि तो आखूड दोर आत तारेचा गाभा असलेला असेल तर उत्तम. ताणलेल्या दोराला चेन सॉची चालू साखळी नुसती टेकली तरी तो तुटतो; सावरायलाही वेळ मिळत नाही. चेन सॉ दोन्ही हातांनी. एका हाताने फांदी धरायची आणि दुसऱ्या हाताने करवत चालवायची, हे दृश्य आपल्याकडे रोज दिसतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. टोकाकडच्या बारीक कामाला तर हातकरवतच बरी. वेळ थोडा जास्त जातो, काप स्वच्छ येतो आणि खालच्याचं बोलणं ऐकू येतं.

वजनाचा अंदाज आजच करायला शीक. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरलं तर चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. ३० सेंटीमीटर जाडीचा, दोन मीटर लांबीचा तुकडा सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत जातो. पार्किंगवरच्या फांदीचा असा तुकडा दोराने सोडायचा म्हटलं आणि तो मीटरभर पडून झटक्यात अडला, तर दोरावर आणि बेचक्यावर येणारा भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून तिथे तुकडे लहान करायचे. खालचा माणूस दोराचे बुंध्याभोवती वेढे घालून हळूहळू सोडणारा हवा, मनगटाला दोर गुंडाळून उभा राहणारा नको. फांदी सोडायचा दोर ज्या बेचक्यातून जातो, त्यावर तू स्वतः लटकलेला नसावास. आणि गाड्या आदल्या रात्रीच हलवून घ्यायच्या. "काळजीपूर्वक करा हो" म्हणत गाडी तिथेच ठेवणारा एक जण प्रत्येक सोसायटीत असतो. गाडी हलेपर्यंत त्या फांदीला हात लावायचा नाही.

तारांकडच्या फांदीबद्दल मी तुला काहीच करू देणार नाही. महावितरणकडून त्या वेळेपुरती लाइन बंद करून घेतल्याशिवाय, आणि ती बंद असल्याची त्यांच्या माणसाकडून प्रत्यक्ष खात्री झाल्याशिवाय, कोणीही त्या बाजूला जायचं नाही. फांदी तारेला टेकलेली असेल तर अख्ख्या झाडावरच चढायचं नाही. ओली फांदी, ओला दोर, ओला माणूस, सगळ्यांतून वीज जाते. वायरमन ओळखीचा आहे, पाच मिनिटांत करतो, असं कोणी म्हणालं तरी नाही.

खाली कोण आहे, हे वर कोण चढणार याइतकंच महत्त्वाचं असतं. तू वर जखमी झालास किंवा उन्हाने भोवळ येऊन हार्नेसमध्ये लटकलास, तर तुला कोण उतरवणार? अग्निशमन दलाची वाट बघणं हा पहिला उपाय असू शकत नाही. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला मिनिटं महाग असतात. दोरावर चढू शकणारा, स्वतःचा हार्नेस घातलेला आणि झाडावर दुसरा दोर तयार ठेवलेला एक जण खाली हवाच. तुमच्याकडे असा माणूस नसेल तर तू "एकट्याने" करायचा प्रश्नच येत नाही, आणि असेल तर तो नुसता फांद्या ओढायला ठेवू नका. १०८ चा नंबर, जवळचं हॉस्पिटल, झाडाखालपर्यंत रुग्णवाहिका येईल की नाही, हे गुरुवारीच बघून ठेव. मोहोळ आणि घरटी दुर्बिणीने खालून हेरायची. आग्या मोहोळ दिसलं तर काम पुढे. मे-जूनमध्ये कावळ्यांची अंडी-पिल्लं असतात; घरट्याची फांदी पिल्लं उडेपर्यंत ठेवून दे, ती एक फांदी ठेवल्याने तुमच्या कामाचं काही बिघडत नाही.

आता "निम्मं झाड उतरवा" याविषयी. सोसायटीवाल्यांचा हेतू वाईट नाही, त्यांना फांदी पडायची भीती आहे आणि ती खरी आहे. पण निम्मं उतरवलेल्या रेन ट्रीवर थोटक्यांच्या सालीखालून फुटवे येतात, ते झपाट्याने वाढतात आणि मूळ फांदीला वरवरच चिकटलेले असतात. दरम्यान थोटका आतून कुजत जातो. म्हणजे चार-पाच पावसाळ्यांनी त्याच पार्किंगवर तितकाच भार असतो, फक्त आता तो कमकुवत जोडावर. त्यांना पाच वर्षं बघायला नको होतं. त्यांच्या हाती नेमकं उलटं येतं. आणि तेव्हा त्या कुजलेल्या थोटक्यांवर चढायला तुझ्यासारखाच कोणीतरी मुलगा पाठवतील. मला यातली ही गोष्ट सर्वात जास्त खुपते.

शिवाय हे कायद्याचंही काम आहे. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली शहरातली झाडं वृक्ष प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला प्राचीन वृक्षाचा वेगळा दर्जा आहे. तुझं रेन ट्री जुनं आहे म्हणतोस, तर तेही त्यात बसत असेल. उद्यान विभागाची परवानगी आहे का, आणि त्यात नेमकी किती छाटणी लिहिलीय, हे मालकांकडून बघून घे. परवानगी फांद्यांच्या छाटणीची आणि प्रत्यक्षात निम्मं झाड खाली, असं झालं तर विचारणा सर्वांनाच होते.

राहिलं मालकांशी बोलणं. "मला जमणार नाही" एवढंच म्हणून थांबू नकोस, ते त्यांना आळसासारखं ऐकू येईल. करवत न घेता चढून आल्यावर, पट्ट्या बांधलेल्या फांद्यांचे मोबाइलवर फोटो काढ आणि त्यांना दाखव. सांग, की या फांद्या मी सुरक्षित करू शकतो, इथे हात सोडून उभं राहता येतं. या दोन टोकांना दोर पोचत नाही, तिथे शिडीची गाडी किंवा आपला जुना माणूस हवा. तारांकडची फांदी लाइन बंद झाल्यावरच. काम एका दिवसाचं नाही, दोन दिवसांचं आहे, आणि रोज सकाळी सातला सुरू करून ऊन चढायच्या आत वरचं आटपायचं. वाऱ्याची झुळूक वाढली की मी उतरणार. आणि अपघात झाला तर खर्च कोणाचा, विमा आहे का, तेही त्याच बोलण्यात विचार. संकोच करू नकोस, हा तुझा हक्क आहे. चांगला ठेकेदार असेल तर त्याला कळेल की हा पोरगा काम टाळत नाही, काम मोजून आणतोय. पुढच्या अंदाजपत्रकाला तो तुलाच झाड बघायला नेईल.

आणि एवढं सगळं दाखवूनही ते म्हणाले, की शुक्रवारी एकट्याने निम्मं उतरव नाहीतर दुसरा बघतो, तर त्यांना दुसरा बघू दे. पुण्यात दोरावर नीट चढणारी माणसं फार नाहीत, तुला काम मिळेल. तोवर कुडाळला माड आहेतच. हे बोलणं मात्र गुरुवारी दुपारपर्यंत उरक. शुक्रवारी सोसायटीचे लोक झाडाखाली जमल्यावर ते होत नाही.